पाचवा उद्गार

“या वर्षी पाचवा उद्गार तू घे,” पाळकसाहेब म्हणाले, आणि नेमका तेव्हाच बबडीने त्यांचा चष्मा ओढला.

रविवारची उपासना संपून माणसं चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळत होती. कडेवरच्या नऊ महिन्यांच्या लेकीच्या मुठीतून चष्म्याची काडी सोडवायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली, आणि चष्मा सुटला तरी ती खालीच ठेवली.

“मी नको, पाळकसाहेब. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी साधी ट्रॉलीवाली.”

“ट्रॉली काय मुक्याने ढकलतेस? हर्नियाच्या वेळी चार दिवस पडून होतो मी तुमच्या इस्पितळात. तुझ्या बडबडीने हसून हसून टाके दुखायचे.” ते हसले. मग चष्मा पुसत हळू आवाजात म्हणाले, “पाचवा दरवर्षी ऑर्गनवाल्या बाई बोलायच्या. आता त्या नाहीत. आणि शेवटच्या दिवशी आपल्या मंडळीतलं कुणी त्यांच्याजवळ होतं, तर ती तू. त्यांच्या यजमानांनी, घड्याळजींनीच तुझं नाव सुचवलंय.”

मंडळीची रीत जुनी होती. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन सगळ्यांनी जमायचं, आणि क्रुसावर असताना प्रभू जे सात उद्गार बोलला त्यांवर सात जणांनी बोलायचं. पहिला क्षमेचा, तो पाळकसाहेबांचा. चौथा, देवाने आपल्याला का टाकलं असं विचारणारा, तो शाळेच्या मुख्याध्यापकांचा; त्यावर ते चाळीस मिनिटं घेत आणि मागच्या बाकांवरच्या माना एकेक करून कलत. पाचवा सगळ्यांत छोटा. ‘मला तहान लागली आहे.’ बाईंना लगेच पुढचं गीत वाजवायचं असे म्हणून तो त्यांच्याकडे. ऑर्गनच्या स्टुलावरून न उठता त्या पाच मिनिटं बोलत, कागदाची घडी घालत आणि पुन्हा पट्ट्यांवर बोटं ठेवत.

तिने ‘हो’ म्हटलं की नाही, हे तिला नंतर आठवेना. पाळकसाहेबांच्या वहीत मात्र पाचव्यासमोर तिचं नाव लागलं.

*

बाई जाऊन तीन आठवडे होत आले होते.

इस्पितळाच्या स्त्रियांच्या वॉर्डात चोवीस खाटा. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पत्र्याची एक पाटी लटकायची. पांढरी म्हणजे सगळं चालेल, पिवळी म्हणजे पातळ, आणि लाल म्हणजे तोंडावाटे काही नको, पाण्याचा थेंबसुद्धा नको. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर लाल पाटी लावत. काढायची मात्र ट्रॉलीवालीनेच, आणि तीही हातात ताट घेऊन आल्यावर. मागे कुण्या नातेवाइकाने दया येऊन पाटी परस्पर काढली होती. रुग्णाने पोटभर खाल्लं आणि ऑपरेशनच्या टेबलावर भलतंच होऊन बसलं. तेव्हापासूनचा हा दंडक. ऑपरेशन पुढे गेलं तर सिस्टरची चिठ्ठी स्वयंपाकघरात येई. मग ट्रॉलीवाली यादीत नंबर चढवी, ताट नेई, पाटी काढी. रुग्णाला वेगळं कुणी काही सांगत नसे. समोर ताट आलं की त्याने समजायचं, आज आपला नंबर नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी सव्वाअकराला चिठ्ठी आली. ‘खाट १४. आज नाही, परवा. जेवण द्या.’ तिने वाचली आणि एप्रनच्या खिशात टाकली. हातात सूपचं जड भांडं होतं. ते ट्रॉलीवर चढवू आणि मग यादीत लिहू, असं मनाशी म्हणाली.

आणि तेवढ्यात छातीला कळ आली. दूध वेळ पाळतं. बाळ दोन बस पलीकडे आजीच्या मांडीवर असलं तरी त्याच्या भुकेच्या वेळी आईचं अंग जागं होतं. बघता बघता एप्रनवर दोन ओले डाग पसरले.

“अगं, जा जा, आधी ते बघ,” स्वयंपाकघरातल्या मोठ्या बाई ओरडल्या. “सूप पातळ आहे ते पुरे, त्यात आणखी नको भर!”

सगळ्या हसल्या. तीही लाजून हसली. भांड्यांच्या खोलीत कडी लावून तिने मोरीत दूध पिळून टाकलं. ते वाहून जाताना बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं, हे ती एव्हाना शिकली होती. ओला एप्रन धुण्याच्या पोत्यात टाकला, कोरडा चढवला, आणि उशीर झाला म्हणून धावतच ट्रॉलीला लागली.

चिठ्ठी ओल्या एप्रनच्या खिशात राहिली.

दुपारी बाराला ती चौदा नंबरवरून पुढे गेली. पाटी लाल होती. संध्याकाळी सहालाही लालच होती.

“आज काय आणलंयस गं?” ऑर्गनवाल्या बाईंनी विचारलं.

“तुमच्यासाठी काही नाही, बाई. तुम्ही लाल आहात.”

“काल रात्रीपासून लाल आहे मी. एवढा वेळ तर रस्त्यावरचा सिग्नलसुद्धा नसतो.” ओठ एकमेकांना चिकटले होते, बोलताना त्या आधी ते सोडवत आणि मग शब्द काढत. “बोलवायलाही कुणी येत नाही. पोरी, घोटभर पाणी दे. घोटभरही नको. बोट बुडवून ओठाला लाव नुसतं.”

“पाटी आहे ना? मग नाही म्हणजे नाही. शहाण्यासारखं राहायचं हं.”

हे ती ज्या आवाजात बोलली तो बबडीशी बोलायचा आवाज होता. गोड, ठाम, आणि लक्ष दुसरीकडे.

बाईंनी पांघरुणावरच बोटं हलवली, कुठलंसं गीत वाजवत असल्यासारखी. “बरं, जा मग. आणि ते सूप लवकर पुढे ने. वासाने जीव जातोय माझा.”

जीव पहाटे गेला. हृदय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तरी वाचल्या असत्या असं नाही. हातात सलाइन होतं, म्हणजे अंगाला पाणी कमी पडलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. कोरडं राहिलं ते तोंड.

सकाळी ती ट्रॉली घेऊन आली तेव्हा चौदा नंबरची गादी दुमडलेली होती. दिवसपाळीच्या सिस्टर पायथ्याशी वाकून बघत होत्या.

“ही लाल इथे कशी? काल अकरालाच चिठ्ठी पाठवली होती मी. यांना ताट आलं नव्हतं का गं?”

तेव्हा तिला खिसा आठवला. आणि त्याच क्षणी तिचं तोंड तिच्याआधी बोललं. “आलं होतं, सिस्टर. नको म्हणाल्या. पाटी तेवढी काढायची राहिली.”

“तोंडाची चवच गेलेली असते या वयात,” सिस्टर म्हणाल्या. पाटी स्पिरिटने पुसून त्यांनी पेटीत टाकली आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

दफनाच्या दिवशी घड्याळजींनी तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. बाईंचे यजमान ते. गावभरची घड्याळं दुरुस्त करणारे, पाऊण शतकाच्या पलीकडे गेलेले, ताठ. “तू होतीस ना तिथे,” ते म्हणाले होते. “आपलं माणूस होतं. तेवढंच समाधान.”

*

बुधवारी तिने सासूबाईंना सांगितलं. नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर परगावी गेलेला. आणि फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं.

सासूबाई बबडीला मऊ भात भरवत होत्या. बबडी घास घ्यायची, विचार करायची आणि परत करायची. ऐकता ऐकता सासूबाईंचा चमचा मध्येच थांबला, पुन्हा चालू झाला.

“डॉक्टर काय म्हणाले? हृदय ना? मग तू कोण लागून गेलीस डॉक्टरपेक्षा शहाणी?”

“आई, मी सिस्टरशी खोटं बोलले.”

“बोललीस. वाईट केलंस. देवाजवळ कबूल केलंस का?”

“रोज करते.”

“झालं तर मग. त्याने क्रुसावर नेलं ते वाहून. आता तूच त्याच्या खांद्यावरून ओढून परत आपल्या डोक्यावर घेणार असशील, तर त्याने तरी काय करावं?”

सासूबाई हे तोंडदेखलं बोलत नव्हत्या. दोन लेकरं पुरून ही बाई याच एका वाक्यावर उभी राहिली होती. सुनेला ते ठाऊक होतं, म्हणून तिला उलटून बोलवेना.

“आणि त्या म्हाताऱ्या घड्याळजींचा विचार कर,” सासूबाई म्हणाल्या. “आत्ता कुठे डोळा लागत असेल बिचाऱ्याचा. त्याला जाऊन काय सांगणार? तुझं हलकं व्हावं म्हणून त्याच्या छातीवर धोंडा ठेवणार?”

“पण प्रभूने नेलं ते माझं नेलं. काकांना तर काय झालं तेच ठाऊक नाही. मी देवाशी मिटवून मोकळी, आणि ते तसेच?”

“पोथी नको वाचूस मला. तोंड मिटून बाईंचा तो कागद वाचून ये. पाच मिनिटांचं काम.” त्यांनी बबडीची हनुवटी पुसली. “ही बघ, हिलासुद्धा कळतं. नको ते तोंडात ठेवत नाही आणि गिळतही नाही.”

“मग काय करते?”

सासूबाईंनी आपल्या पदरावर पडलेल्या भाताकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. ती मात्र हसली नाही.

*

गुरुवारी तिची अर्धी पाळी असे. जेवणवेळेनंतर ती घड्याळजींच्या दुकानात गेली. निमित्त कागदाचं होतं. बाईंचा पाचव्या उद्गाराचा कागद त्यांच्याकडे आहे, असा निरोप पाळकसाहेबांनी दिला होता. जाताना बसमध्ये तिने मनात वाक्य जुळवलं. काका, चिठ्ठी माझ्याकडे आली होती. एवढंच. मग पुढचं आपोआप येईल.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, भिंतीवर पंधरावीस घड्याळं.

“ये पोरी. त्या स्टुलावर नको बसूस, त्याचा एक पाय लबाड आहे. या इथे बस.” घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होतं, हातात चिमटा. त्यांनी न बघताच खणातून कागद काढून दिला. “तिच्या हातचा. वीस वर्षं हाच वाचला. दरवर्षी म्हणायची, यंदा नवा लिहिते. लिहिते कसली! आयत्या वेळी हाच शोधत फिरायची.”

घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावली होती. तिने तो पर्समध्ये ठेवला. हात पर्सवरच राहिला.

“काका, मला तुम्हाला एक सांगायचं होतं—”

“थांब, हलू नकोस. स्प्रिंग उडेल.” चिमट्याने काहीतरी अलगद बसवून त्यांनी भिंग काढलं, डोळा चोळला. “आधी माझं ऐक. कुणाशी बोललो नाही अजून. तू तिथली आहेस, तुला कळेल.”

त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला.

“त्या दिवशी भेटीच्या वेळेला, चारला, मी गेलो होतो. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ती म्हणाली, द्या हो एक घोट, कोण बघतंय. मी म्हटलं, पाटी बघ. ती म्हणाली, पाटीला काय कळतंय. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, चाळीस वर्षांत कुणाचं घड्याळ एक दिवस उशिरा दिलं नाही मी, आणि तू मला आडमार्गाने जायला सांगतेस?” ते थोडंसं हसले, बायकोशी वाद घालताना माणूस हसतं तसं. मग हसू गेलं. “पहाटे फोन आला. तेव्हापासून रोज तेच. दिलं असतं तर काय बिघडणार होतं? मग मी स्वतःला सांगतो, बाबा रे, तू तिच्या भल्यासाठी नाही म्हणालास. लाल पाटी होती. डॉक्टरांचा हुकूम होता. दुष्टपणाने नाही म्हणालास. एवढा एकच आधार आहे बघ मला. तो नसता, तर मी या टेबलाशी बसू शकलो नसतो.”

भिंतीवरच्या घड्याळांपैकी एकाने टोला दिला. बाकीच्यांची वेळ अजून व्हायची होती.

“तू काय सांगणार होतीस?”

“काही नाही,” ती म्हणाली. “कागद मिळाला, तेच.”

बसमध्ये परत येताना तिला वाटलं, सासूबाईंचंच खरं. आता तर सांगणं म्हणजे पाप. आणि लगेच वाटलं, किती सोयीचं आहे हे. गप्प बसायचं, वर दया केल्याचं पुण्य. तिला स्वतःच्याच मनाचा वीट आला.

*

शुक्रवारी चर्चमध्ये फुलं नव्हती, वेदीवरचं वस्त्र काढलेलं होतं. ऑर्गन झाकलेला. पट्टी धरायला कुणी नसल्यामुळे गीतं खालीखाली जात, आणि शेवटच्या कडव्याला पुरुषांचा आवाज तळाला टेकून नुसती गुरगुर उरे. घड्याळजी दुसऱ्या बाकावर काठाशी बसले होते. शेजारची जागा मोकळी.

मुख्याध्यापकांनी रीतीप्रमाणे चाळीस मिनिटं घेतली. मग तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती व्यासपीठावर चढली.

तिने कागद उघडला. बाईंचं अक्षर मोठं, उभट, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. ‘प्रिय मंडळी, प्रभूची ही तहान पाण्याची नव्हती. ती तुमच्या-माझ्या आत्म्यांची तहान होती.’

“प्रिय मंडळी,” ती म्हणाली. “प्रभूची ही तहान...”

पुढचा शब्द येईना. मागे कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी वाट बघून हळूच मान हलवली, वाच, वाच अशी. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. मग कागद खाली ठेवला.

“मला हे वाचता येत नाही. बाईंनी लिहिलंय ते खरं असेल, त्या माझ्यापेक्षा शिकलेल्या होत्या. पण मी लाल पाटीच्या खाटांजवळून रोज जाते. तहान पाण्याचीच असते.”

तिने कठड्याला धरलं. आवाज तिला स्वतःला परका वाटत होता.

“आधी माणूस पाणी मागतं. मग म्हणतं, बर्फ तरी द्या. मग मागत नाही, दुसऱ्याच्या पेल्याकडे बघत राहतं. जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना तिचा आवाज येतो. प्रभूच्या तोंडातही तोच आवाज आला असेल. मला लहानपणी वाटायचं, देवाला कसली आलीय तहान, तो आपला आपल्यासाठी म्हणतोय. पण ज्याने नद्या केल्या त्याने खरंच मागितलं. आणि कुणाकडे मागितलं, तर तिथे जी माणसं कामावर होती त्यांच्याकडे. ती काही राक्षस नव्हती. त्यांची पाळी होती. घरी त्यांचीही पोरंबाळं असतील, लक्ष तिकडे असेल. त्यांना कुणी सांगितलं होतं, इथे उभे राहा, म्हणून ती उभी होती.”

पुढे काय बोलायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं.

“दरवर्षी मी इथे बसून समजायचे, मी तिथे असते तर क्रुसाखाली रडणाऱ्या बायांत असते. मी त्यांच्यात नाही. मी कामावर होते.”

ती खाली उतरली. सहावा उद्गार ज्यांचा होता ते गृहस्थ उठायचे विसरले; पाळकसाहेबांनाच मध्ये उभं राहून गीताचा नंबर सांगावा लागला. गीत सुरू झालं, ते फार खालच्या पट्टीत सुरू झालं.

*

त्या दिवशी उपासनेनंतर कुणी कुणाशी बोलत नसे. तीन वाजले की माणसं चपला वाजू न देता बाहेर पडत. सासूबाई दारात बबडीला थोपटत उभ्या होत्या. तिने लेकीला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग आत, दुसऱ्या बाकाकडे पाहिलं.

“हिला मी नेते,” त्या म्हणाल्या. “तू ये सावकाश.”

घड्याळजी उठले नव्हते. ती बाकाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

“काका.”

“कामावर होते, म्हणालीस.” ते समोर बघत होते. “काय झालं होतं?”

तिने उभ्यानेच सांगितलं. चिठ्ठी, खिसा, बदललेला एप्रन. बाराची फेरी, सहाची फेरी, बोट बुडवून ओठाला लाव म्हणालेल्या बाई. सकाळी सिस्टरशी बोललेलं खोटं. बसमध्ये जुळवलेलं वाक्य कुठेच लागलं नाही.

“चिठ्ठी किती वाजता आली?”

“सव्वाअकराला.”

“मी चारला आलो.”

“हो.”

“म्हणजे चारला चाललं असतं.”

“बारालाही चाललं असतं, काका.”

घड्याळजींनी समोरच्या बाकाची कड धरली. “काल दुकानात हेच सांगायला आली होतीस?”

“हो.”

“मग माझं ऐकून गप्प बसलीस.”

“हो.”

“मग तशीच राहायचंस ना गप्प!” रिकाम्या चर्चमध्ये आवाज मोठा झाला, भिंतीला लागून परत आला. “मला एक आधार होता, पोरी. एकच होता. तेवढाही काढून घेतलास!”

मला माफ करा, हे शब्द तिच्या ओठाशी आले होते. पण ते मागणं झालं असतं. आणि या माणसाकडे आज आणखी काही मागायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

“तुम्ही नियम पाळलात,” ती म्हणाली. “परवानगी माझ्या खिशात होती. म्हणजे तुम्ही नाही म्हणालातच नाही, काका. तुमच्या तोंडून मीच नाही म्हणाले. ते तुमच्याकडे ठेवू नका. ते माझं आहे, मला द्या.”

घड्याळजींनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बारीक वस्तू बघायची सवय असलेले डोळे. तिला ते सहन होईना, तरी तिने नजर हलवली नाही.

“सगळं नाही देता येणार,” ते अखेर म्हणाले.

“का?”

“बाटली होती ना माझी. तिला नाही म्हटलं, आणि मग...” त्यांनी बाकाची कड सोडली. “उकडत होतं फार. जिना चढून आलो होतो. मी प्यालो. तिच्यासमोर बसून, अर्धी बाटली. ती माझ्या घशाकडे बघत होती, आणि मी झाकण लावून म्हणालो, आज हवा किती कोंदट आहे नाही.” ते थांबले. “हे काही तुझ्या खिशात नव्हतं.”

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

“मला आज माफबीफ म्हणता यायचं नाही,” घड्याळजी म्हणाले.

“नका म्हणू.”

“कधी म्हणता येईल, तेही सांगता येत नाही.”

“नका सांगू.”

“आणि उठून घरीही जाववत नाही.”

“मग बसू,” ती म्हणाली.

ती त्याच बाकावर बसली, मध्ये एक जागा सोडून. थोड्या वेळाने घड्याळजी आपोआप बोलू लागले. नवीन लग्न झालं तेव्हाचं, बाईंना पहिल्यांदा ऑर्गनवर बघितलं तेव्हाचं, त्या कधी चुकीचा सूर लागला की सगळ्या मंडळीकडे रागाने बघायच्या, जणू चूक मंडळीची, ते. मध्येच थांबत, मध्येच चेहरा हातात घेत, पुन्हा बोलत. ती ऐकत होती.

चर्चचा शिपाई खिडक्या लावायला आला. एक लावली, दुसरी लावली, आणि त्याला हे दोघे दिसले. बंद करायचंय, असं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. मग तो मागच्या मागे गेला, अगदी शेवटच्या बाकावर टेकला, आणि आवाज होऊ नये म्हणून किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून बसून राहिला.